बोहनीचा फ्रॉक

माझ्या बायकोनं आणि मी मिळून जे शेवटचं काम केलं ते खाट आवळण्याचं. उन्हाळाभर दोन्ही नाती त्या खाटेवर नाचल्या होत्या. दोरी इतकी ढिली झाली की माणूस झोपला की बूड जमिनीला टेके. सकाळचा चहा झाल्यावर मी खाट अंगणात काढली, पायत्याच्या दांडीला टाच लावली आणि दोरी ओढायला बसलो. बुढी एकेक फेरा बोटांत धरून ठेवत होती.

"जोरानं ओढा ना जी. जेवता तवा तर भल्ला जोर असते."

"तू धरून राहिली का सोडून राहिली?"

"मी धरूनच आहो. लगन झालं तवापासून धरूनच आहो."

"मंग एखाद वेळी सोडून पाहायची."

"सोडली त तोंडावर पडसान."

दोरी तारेसारखी झाली. तिनं वर बसून दोनदा उसळी मारून पाहिली आणि म्हणाली, "आता दोन पावसाळे पाहायचं काम नाही." सकाळचं जेवण उरकून ती त्याच खाटेवर जरा लवंडली. थोड्या वेळानं थोरली नात काहीतरी विचारायला गेली, तर बुढी उठली नाही. डॉक्टर आला, नाडी पाहून म्हणाला, "हृदय बंद पडलं." मी म्हणालो, "थे आमालेही दिसून राहिलं. काहून पडलं थे सांगा." त्यानं बॅग उचलली.

खाट मात्र ढिली झाली नाही. एरवी बुढीचं काही खरं निघालं की आठवडाभर ऐकवत राहायची. या खेपेला ऐकवायला थांबली नाही.

गावात अजून बोलतात की मयताच्या वेळी माझ्या नातीनं आजीच्या अंगावर घालायचं लुगडं हिसकलं, पोरीला लागीर झालं होतं, पुण्याच्या पोट्ट्यांना वळण नाही. प्रत्येकाशी भांडायला आता दम पुरत नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. शुद्धलेखन काढत बसाल तर गोष्ट हुकेल.

आमचं गाव नाकाडोंगरीच्या अंगाला, जंगलाला टेकून. बुढीचं माहेर गोंदियाकडं. जिल्हा फुटला तेव्हा तिचं माहेर नव्या जिल्ह्यात गेलं आणि सासर जुन्यातच राहिलं. तेव्हापासून ती मला परजिल्ह्यातला माणूस म्हणायची. "आमचा जिल्हा नवा कोरा आहे. तुमच्या भंडाऱ्यात काय आहे? पितळेचे गुंड!" त्याच गुंडानं ती रोज पाणी भरायची, पण ते काढलं की म्हणायची, पाण्यात भांडण नोका कालवू.

पोरगा पुण्यात कंपनीत आहे. त्याच्या या दोन पोरी. उन्हाळ्याच्या सुटीत सून त्यांना आमच्याकडं सोडून जायची आणि शाळा उघडायच्या तोंडावर दोघं नवराबायको न्यायला यायचे. थोरली सहावीत चालली होती, धाकटी दात पाडायच्या वयाची. त्या साली थोरलीनं एक जाडं चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात विलायती भुतं होती. आपल्यासारखी उलट्या पायाची नाही. टोपी, बूट, मोजे घातलेली, चांगल्या घरची दिसणारी.

आता, आमच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली घरातल्या देवांसंगं भुतंही काढून दिली होती. तेव्हापासून आमच्याकडं मुंजा नाही, चकवा नाही, हडळ नाही. इतकी वर्षं घर भुतांवाचून सुखानं चाललं, आणि नात दप्तरात घालून थेट विलायतेची घेऊन आली.

थोरलीनं त्या खाटेखाली गुप्तहेर कचेरी उघडली. भिंग नव्हतं म्हणून माझा चष्मा जप्त केला. पेपर वाचायचा झाला की मला वाकून कचेरीत विनंती करावी लागे. पहिला तपास नाल्यावरच्या पुलाचा.

"आबाजी, पुलाखाली ट्रोल राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवतो आणि पैसे मागतो."

"त्याले टोल म्हंते. थो रस्त्यावर बसते, पुलाखाली नाही."

"टोल नाही, ट्रोल! त्याचं नाक केवढं मोठं असतं माहितीय?"

"मंग टोलनाकाच झाला ना थो."

पुलाखाली ट्रोल नव्हता. दारू पिऊन पडलेला गावचा एक जावई होता. त्यानं डोळे उघडून खरंच पैसे मागितले. दोघी पळत घरी आल्या आणि त्याला संशयितांत घातलं. मी म्हणालो, गावात तो पहिल्यापासून संशयितच आहे.

पण मोठी केस घरातच निघाली. एक दिवस धाकटीनं विचारलं, "आबाजी, आजीकडं कामवाल्या मावशी किती वाजता येतात?"

"येत नाहीत."

"मग काम कोण करतं?"

पोरी उठायच्या तेव्हा ऊन अंगणात आलेलं असे. तोवर अंगण झाडून सडा टाकलेला, भांडी राखेनं घासून पालथी घातलेली, गुंड भरलेले, चपला जोडीनं लावलेल्या. धाकटीचा झगा कुंपणाला अडकून फाटला होता, तोही सकाळी शिवलेला. पुण्यात घंटी वाजते, बाई येते, मग काम होतं. इथं घंटी नाही, बाई नाही, आणि काम झालेलं.

मी म्हणालो, "तुमची आजी करते."

"तुम्ही पाहिलंय?" थोरलीनं विचारलं.

"पाहिलं नाही. मी झोपलो राह्यतो."

"साक्षीदार झोपलेला होता," ती धाकटीला म्हणाली आणि माझी साक्ष रद्द झाली. चुलीपुढं बुढी तोंडाला पदर लावून हसत होती. त्या दिवसापासून तिला चेव आला.

थोरलीनं पुस्तक उघडून निकाल दिला. हा ब्राउनी. हातभर उंचीचा, तपकिरी, केसाळ. घरातले झोपले की उठतो, सगळी कामं उरकतो आणि उजाडायच्या आत लपतो. मजुरी म्हणून त्याला वाटीभर दूध लागतं, बाकी काही नाही.

"बोहनी?" बुढीनं विचारलं.

"बोहनी नाही आजी, ब्राउनी."

"थेच म्हनलं ना मी. सकाळी सकाळी येते त बोहनीच झाली."

दुकानदाराची दिवसाची पहिली विक्री ती बोहनी. बुढी तुमसरच्या बाजारात भाजी घेऊन बसायची त्या काळापासून तो शब्द तिच्या तोंडात होता. पोरींनीही चार दिवसांत ब्राउनी सोडला आणि बोहनी धरला. विलायतेतून आलेलं भूत असं आमच्या बाजारात बसलं.

मग दर सांजेला सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, वाटीभर दूध ठेवलं जाऊ लागलं. सकाळी वाटी रिकामी आणि घासलेली.

"आजी, तू प्यायलीस?"

"मी कायले पेऊ बाप्पा? मले दूध पचते का?"

यात खोटं काही नव्हतं. त्या दुधाचा चहा होई आणि तो मी पीत असे. पण मला कोणी विचारलं नाही. माझी साक्ष रद्द होती.

एकदा थोरलीनं ठसे घ्यायला घरभर चुलीतली राख पसरली. सकाळी माझा चष्मा लावून ती राखेवर पालथी पडली. बकरीचे खूर निघाले. माझे पाय निघाले, दाराबाहेर जाऊन आलेले. तो तपास त्यांनी पुढं नेला नाही. आणि एक लहान पाऊल निघालं. ते चुलीपासून आतल्या अंधाऱ्या खोलीत, धान साठवायच्या बांबूच्या ढोलीमागं जात होतं आणि परत येत होतं.

"बोहनी ढोलीमागं राहते," थोरली म्हणाली.

"कोनी जायचं नाही तिकडं," बुढी चुलीजवळून ओरडली. "विंचू आहेत."

विंचू म्हटल्यावर धाकटी माझ्या खांद्यावर चढली. मीही पुन्हा तिकडं पाहिलं नाही.

माझी स्वतःचीही एक केस चालू होती. डॉक्टरनं बीपीपायी माझं मीठ तोडलं होतं. बुढीनं जाहीर केलं होतं की यंदा घरात लोणचं घालणार नाही. पण मला मोहरी कुटल्याचा वास आला होता, आणि उकिरड्यावर कच्च्या आंब्याच्या कोयी दिसल्या होत्या.

"लोनचं घातलं का?"

"नाही."

"मंग कोयी कोनाच्या?"

"बोहनीनं खाल्ले असतीन आंबे."

पोरी इतक्या हसल्या की मला गप्प बसावं लागलं. पोरगा आणि सून न्यायला आले तोवर माझी केस काही उलगडली नाही.

थोरलीला मात्र जायच्या आत निकाल हवा होता. तिच्या पुस्तकात एक नियम होता. ब्राउनीला कपडे दिले की तो ते घेतो आणि कायमचा निघून जातो. मग कितीही दूध ठेवा, परत येत नाही. त्यावरून तिनं डाव मांडला. "आपण कपडे ठेवायचे. कपडे गेले आणि काम बंद झालं, तर बोहनी. कपडे गेले आणि काम चालूच राहिलं, तर आजी."

"हे पोट्टी वकील होते पाहा," मी बुढीला म्हणालो.

"झाली त पहिले तुमाले आत टाकते," ती म्हणाली.

तिनं स्वतःच आपल्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून दिला. सुईत दोरा ओवून दिला, पण टाके एकही घातले नाहीत; म्हणाली, गुप्तहेराचं काम गुप्तहेरानं करावं. बाहुलीच्या मापाचा फ्रॉक झाला. एक बाही लांब, एक आखूड, गळ्यात नाडी. सांजेला थोरलीनं तो दुधाच्या वाटीजवळ घडी करून ठेवला. सकाळी फ्रॉक नव्हता. कामं मात्र सगळी झालेली.

"म्हणजे आजी," धाकटी म्हणाली.

"आज नाही धरायचं. आधी काम केलं असेल आणि मग कपडे घेतले असतील. खरा निकाल उद्या सकाळी."

त्या सकाळी चहा झाल्यावर आम्ही खाट आवळली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मला ते लांबवायला आवडत नाही. फोन गेले, माहेरचे लोक जीप करून आले. बायांनी तिला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. मग रिवाजाप्रमाणं आलेले लोक आपापलं आणलेलं कोरं लुगडं तिच्या अंगावर घालू लागले. शेजारचं एक पडलं. विहिणीचं एक पडलं. थोरली खांबाला धरून पाहत होती. माझा मेहुणा माहेरचं लुगडं उलगडून पुढं आला तशी ती धावली आणि दोन्ही हातांनी पदर धरून ओढू लागली.

"नका देऊ! तिला कपडे नका देऊ! कपडे दिले की ती जाते!"

एका टोकाला माझा मेहुणा, दुसऱ्या टोकाला माझी नात, मध्ये बुढी. सुनेनं पोरीला ओढत आत नेलं आणि एक लावून दिली. एक बाई म्हणाली, पोरीला लागीर झालं, काहीतरी उतरवून टाका. मी म्हणालो, "लागीर आमच्या घरी बंद आहे. तुमच्या घरी असन त तिकडं पाहा."

नदीवरून परत आलो तेव्हा दिवस मावळला होता. थोरली कचेरीत होती, खाटेखाली, भिंतीकडं तोंड करून. आईनं बोलावलं, बापानं बोलावलं, निघाली नाही. ताट सरकवलं, हात लावला नाही. धाकटी माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "ताई म्हणते, तिनंच आजीला घालवलं."

मी गुडघ्यांना शिव्या देत खाटेशेजारी जमिनीवर आडवा झालो.

"बाहेर ये."

"नाही."

"तुही आजी काही बोहनी नव्हती. थो फ्रॉक तिच्या आंगठ्यातही नसता गेला."

"घालायचा नसतो आबाजी. नुसता घेतला तरी पुरतं. पुस्तकात आहे. कपडे गेले आणि आता उद्यापासून काम पण बंद."

"तिनंच घेतला हे कोनं सांगतलं?"

"मग फ्रॉक कुठंय?"

दुसऱ्या कोणा पोराला जवळ घेऊन, असं नसतं बाळा, म्हणता आलं असतं. या पोरीला पुरावा लागे. तो मिळाला नाही तर ही ते ओझं घेऊनच पुण्याला जाणार आणि जन्मभर कोणाला काही द्यायला भिणार, एवढं मला चौथी पासालाही कळत होतं.

मी फ्रॉक शोधायला निघालो. बुढीची पेटी उपसली. उशी पाहिली. तंबाखूचा डबा पाहिला. त्यात माझी नखं काढायची कातर सापडली, जी मी हरवली म्हणून ती मला वर्षभर बोलत होती. फ्रॉक नव्हता. बुढीला बारीकसारीक वस्तू कमरेला खोचायची सवय होती. बायांनी आंघोळीच्या वेळी सोडलेलं लुगडं मी झटकून पाहिलं. त्यातून एक सुपारी पडली.

मी खाटेवर बसलो. खाट कुरकुरली नाही, इतकी ती घट्ट होती. बसल्याबसल्या एक गोष्ट डोक्यात आली. माझी बायको वाघाला भीत नव्हती, तहसीलदाराला भीत नव्हती. पण विंचवाचं नाव काढलं तरी पाय वर घेऊन बसायची. ढोलीमागं विंचू असते तर तिचं ते लहान पाऊल राखेतून तिकडं कायले गेलं असतं?

"माहा चष्मा दे," मी कचेरीत हात घालून म्हणालो.

"कशाला?"

"तपास चालू आहे."

चष्मा बाहेर आला. टॉर्च घेऊन मी आतल्या खोलीत गेलो आणि ढोली आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पोट आत ओढून घुसलो. तिथं विटेवर चिनीमातीची बरणी होती. आणि बरणीनं फ्रॉक घातला होता. तोंडावर तो लाल काठाचा फ्रॉक ताणून बसवलेला, नाडी गळ्याभोवती गुंडाळून गाठ मारलेली, एक लांब बाही आणि एक आखूड बाही दोन्हीकडं लोंबत होती. जाडी, बुटकी, गळ्यापर्यंत लोणच्यानं भरलेली बाई जशी लग्नाला निघालेली.

त्या दिवशी बायकोला जाळून आलेला माणूस मी, ढोलीमागं अडकून हसलो. पोरगा धावत आला. त्याला वाटलं बाप रडतो आहे. त्यानं पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, "हात काय ठेवतं? ओढ मले बाहेर."

बरणी मी खाटेखाली सरकवली.

"हे घे तुही बोहनी."

मग हात बाहेर आला. "चष्मा." मी दिला. तिनं टाके तपासले. बाह्या तपासल्या.

"हा माझाच आहे."

"कपडे कोनं घेतले?"

"...लोणच्यानं."

"गेलं का लोनचं कोठी?"

"नाही."

"मंग?"

तिनं नाडीची गाठ बोटानं चाचपली.

"म्हणजे आजीनं तो घेतला, पण स्वतःला नाही घेतला."

"तिले फडकं पाहिजे होतं. तू शिवून देलं. खुश झाली असन, फुकटात भेटलं म्हून."

"मग आजी का गेली?"

"हृदय बंद पडलं. काहून पडलं थे डाक्टरलेही सांगता आलं नाही, त तुले कसं मालूम राहीन? तुह्या फ्रॉकानं नाही पडलं, एवढं पक्कं."

"उद्या सकाळी काम झालेलं नसेल."

"नसन. करनारी मेली. तुही आजीच करत होती, मी पहिल्या दिवशीच सांगतलं होतं, पन या घरात माही साक्ष कोन घेते?"

ती बाहेर आली. वरण-भात खाल्ला, मध्येच रडली, पुन्हा खाल्ला. धाकटीनं विचारलं, आता बोहनीला दूध ठेवायचं का. थोरली म्हणाली, नको, आबाजींच्या चहाला राहू दे. म्हणजे तेही तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा अंगण लोकांच्या पायांनी तुडवलेलं तसंच पडलं होतं. चपला उलट्यासुलट्या. वाटलं, झाडावं. पण आधी दुसरं काम होतं. नवं लोणचं रोज सकाळी खालीवर करावं लागतं, नाही तर बुरा चढतो. त्यासाठीच बुढी सगळ्यांच्या आधी ढोलीमागं जात होती. मी हात धुतले, कोरडे केले, लाकडाचा डाव घेतला आणि बरणी सपरीत आणली. थोरली खाटेवर उठून बसली होती. या खेपेला साक्षीदार जागा होता.

शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "सुतकात लोनच्याले हात नोका लावू भाऊ. नासते."

"सुतकही आमच्याकडं बंद आहे बाई."

नाडी सोडली. डाव बुडापर्यंत घालून लोणचं फिरवलं. वास असा आला की बीपी, डॉक्टर सगळं विसरलो आणि एक फोड तोंडात टाकली. अळणी होती. मीठ नावालाच. मोहरी होती, हिंग होता, तेल ओतलेलं होतं, आणि मीठ नाही. असं लोणचं कोणी बाजारात घेत नाही, पाहुण्यांना वाढत नाही, नातींना पुण्याला बांधून देत नाही. असं लोणचं एकाच माणसाला चालतं, आणि त्याला ते सापडू नये म्हणून विंचू सांगावे लागतात, कारण त्याला ते एका दिवसात संपवायची सवय आहे.

मी फोड चघळत बसलो.

"कसं झालंय?" थोरलीनं विचारलं.

"मीठ नाही त्याच्यात."

"मग टाका ना."

"नाही."

आमसुलासारखं तोंड करून ती माझ्याकडं पाहत राहिली. मी फ्रॉक पुन्हा बरणीच्या तोंडावर ताणला. एका हातानं नाडी बसेना. तिला म्हणालो, खाली ये, हे टोक पकड. ती आली, उकिडवी बसली. मी दुसरं टोक ओढलं.

"तू धरून राहिली का सोडून राहिली?"

"धरलीय आबाजी. तुम्ही ओढा."